बाकावरचा कीपर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस राहिले होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर जाताना माझ्या डोक्यात फुटबॉलची मॅच नव्हतीच, माटोळी होती, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची आरास. बाबांनी फोनवर बजावलं होतं, येताना म्हापशाच्या बाजारातून कवंडळं घेऊन ये, माटोळीला लागणारी ही रानफळं यंदा रानात मिळाली नाहीत. मॅच संपली की आधी बाजार गाठायचा, असा बेत करूनच मी निघालो.

मी दुसऱ्या नंबरचा कीपर. वॉर्मअपमध्ये पहिल्या कीपरला शॉट मारून मारून तयार करायचं आणि मग जॅकेट चढवून बाकावर बसायचं, हे माझं काम. विंगर बदलतात, स्ट्रायकर बदलतात. धडधाकट कीपर कोण कशाला बदलेल? त्या मोसमात तोवर मी एक मिनिटही खेळलो नव्हतो. घरी गेलो की हमखास विचारणा व्हायची, "आज खेळलास?" पहिली दोन वर्षं लाज वाटायची. पुढे मी "पाऊस होता" असं काहीतरी पुटपुटून जेवायला बसायला शिकलो.

पेडण्यात भात कापून झालं की आम्ही कोरड्या शेतात खेळायचो. मी उंच आणि पळायला आळशी, म्हणून गोलात. बाबांना त्याचंच अप्रूप, कारण त्यांच्या लेखी फुटबॉल म्हणजे गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर. १९८३-८४ला त्यांच्या कप्तानीत गोव्याने राज्याराज्यांमधल्या फुटबॉलचा संतोष करंडक जिंकला, ते बाबा कालपरवा घडल्यासारखं सांगतात. २०२२ला शंखवाळकरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरी मणगण्याचं गोड झालं होतं! मला मात्र २०१६ आठवतं. त्या वर्षी गोव्यातले तीन मोठे क्लब आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल स्पर्धेतून बाहेर पडले आणि आमच्यासारख्या कडेकडेच्या खेळाडूंची जागाच आटली. तेव्हापासून माझं एका मोसमाचं काँट्रॅक्ट, मोसम संपला की गावोगावच्या स्पर्धा, आणि सकाळी शाळेतल्या पोरांना कोचिंग. असो.

आम्ही एक गोलने पुढे होतो. पाऊस थांबून थांबून पडत होता. धुळेरला कृत्रिम टर्फ आहे. ओल्या टर्फवर टप्पा पडला की चेंडू उसळत नाही, सरपटत अंगावर येतो. आमच्या कीपरला गोल-किक मारायला उशीर लावल्याबद्दल आधीच पिवळं कार्ड मिळालं होतं. साठाव्या मिनिटानंतर कधीतरी त्यांचा स्ट्रायकर एकटा आत घुसला, आमचा कीपर त्याच्या पायावर झेपावला, चेंडू चुकला, पाय सापडला. पेनल्टी आणि दुसरं पिवळं. म्हणजे बाहेर.

कोच मागे वळून माझ्याकडे बघायच्या आत मी जॅकेट काढलं होतं. आमच्या विंगरला बाहेर घेतलं, मी आत. तासभर बसून गुडघे आखडले होते. हातमोजे बाकाखाली पिशवीत, त्यामुळे कोरडे ठणठणीत. कीपरच्या मोज्याचं लेटेक्स ओलसर असलं तरच चेंडू धरतं. धावता धावता बाटलीतलं पाणी तळव्यांवर ओतलं, एकमेकांवर घासलं. या मोसमातला माझा पहिला चेंडू, आणि तो अकरा मीटरवर ठेवलेला.

पेनल्टी ताशी शंभर किलोमीटरने मारली तर रेषेपर्यंत यायला तिला ०.४ सेकंद लागतात. मागे ७.३२ मीटर रुंद गोल. चेंडू बघून झेप घ्यायची म्हटलं तर तो जाळ्यातून काढायलाच जावं लागतं. म्हणून बघायचा तो मारणाऱ्याचा दुसरा पाय, चेंडूशेजारी रोवला जातो तो. त्याचा पाय माझ्या उजवीकडे वळलेला दिसला आणि मी उडालो. चेंडू मनगटाच्या वर आदळला, पोस्टच्या बाहेरून गेला. तोंडात टर्फमधले रबराचे काळे दाणे गेले होते. सगळी टीम अंगावर पडली.

आणि शिटी वाजली. लाइनवरच्या साहाय्यक रेफरीचा झेंडा वर होता. किक बसताना कीपरचा एक तरी पाय रेषेवर किंवा रेषेमागे हवा. माझे दोन्ही पुढे आले होते. रेफरीने मला ताकीद दिली आणि पेनल्टी पुन्हा घ्यायला सांगितली. आमचा कॅप्टन हात जोडून वाद घालत होता. मी गप्प होतो. वीतभर का होईना, मी पुढे आलो होतो, हे मला माहीत होतं. साठ मिनिटं बसलेल्या माणसाला पाव सेकंद थांबवलं नाही.

"लायनीर राव रे! राव!" कोच ओरडत होते.

राहिलो. रेषेवर टाच दाबून राहिलो. पाय पुन्हा माझ्या उजवीकडेच वळल्यासारखा वाटला, मी गेलो, आणि त्याने चेंडू शांतपणे डावीकडे ढकलला. १-१. स्कोअरशीटवर तेवढंच. पहिली पेनल्टी कुठेच नाही.

उरलेली मॅच दहाजणांनी काढली. शेवटच्या मिनिटांत एक शॉट बोटांच्या टोकाने बारवरून काढला आणि उठताना बघतो तर डाव्या हाताची अनामिका मोज्यातच आडवी झालेली. कीपरला उपचारासाठी मैदान सोडावं लागत नाही, आणि सोडून करणार काय, बाकावर दुसरा कीपर कुठे होता? फिजिओने मोजा काढला, "तिकडे बघ" म्हणाला, मी म्हापशाच्या ढगांकडे बघितलं आणि त्याने बोट ओढलं. 'टक' आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असावा. शेजारच्या बोटाला टेपने बांधून मी पुढची गोल-किक मारली.

मॅचनंतर एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. बाजारात पोचलो तोवर कवंडळं विकणारी बाई उरलीसुरली टोपलीत भरत होती.

चवथीच्या आदल्या दिवशी बाबा माटोळी बांधत होते. नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंग, आंबाडे एकेक करून केवणीच्या दोराने लटकवत होते. मी खाली उभा राहून एकेक जिन्नस वर देत होतो. पेनल्टीबद्दल त्यांनी विचारलं नाही. पेपरात वाचलं असणार, पेपरात एकच होती.

"एक अडवली होती," मी म्हणालो. "परत घ्यायला लावली."

"पाय सुटला?"

"सुटला."

बाबांनी कवंडळाच्या देठाला दोराचा वेढा दिला. मी गाठीवर दाबायला डावा हात वर केला. त्यांनी टेपकडे पाहिलं.

"दुसरं बोट दे," म्हणाले.