गाठ आहे, पण कशाची? माझा अनुभव

ओटीपोटात गाठ आहे म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न, "कॅन्सर तर नाही ना?" माझाही तोच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न सुटावा लागतो, हे मला तपासण्या करता करता कळलं: गाठ मुळात कुठल्या अवयवाची आहे? माझा बराचसा वेळ त्यातच गेला, आणि गेला ते बरंच झालं.

त्रास तसा फुटकळ वाटावा असा. बद्धकोष्ठता वाढलेली, पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, लघवीला सारखं उठावं लागायचं. जास्त वेळ बसलं की डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे कळ उतरायची. पाळी मात्र अगदी वेळेवर. पायाच्या कळेसाठी हाडांचे डॉक्टर, पोटासाठी फॅमिली डॉक्टर, असं चाललं होतं. दोन्हीचं मूळ एकच असेल, असं कुणालाच वाटलं नाही.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला ८ सेंमीची गाठ दिसली. आत पडदे, काही भाग पाण्यासारखा, काही घट्ट. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'डावं अंडाशय वेगळं दिसत नाही.' त्यावरून गाठ अंडाशयाचीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. सीए-१२५ ही, अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असला की करतात ती रक्ततपासणी झाली, आकडा आला ५२. साधारण ३५ पर्यंत नॉर्मल मानतात, म्हणजे घरात रडारड सुरू. खरं तर हा आकडा पाळी चालू असतानाही वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढतो, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाची साधी गाठ) वाढतो, क्षयरोगात तर खूपच वाढू शकतो. माझं रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. तिथे मला दुर्बिणीतून अंडाशय काढून टाका म्हणून सांगितलं, तारीखही सुचवली.

बहिणीच्या आग्रहाने दुसरं मत घ्यायला गेले. या मॅडम स्त्रियांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या. त्यांनी आधी कागदावर एक गुणाकार केला. १९९० साली मांडलेला हा धोक्याचा निर्देशांक आहे: सोनोग्राफीचे गुण, पाळी गेली आहे की नाही याचे गुण आणि सीए-१२५, तिन्हींचा गुणाकार. पडदे आणि घट्ट भाग दोन्ही असल्यामुळे सोनोग्राफीचे ३, पाळी चालू म्हणून १, आणि ५२. उत्तर १५६. सहसा २०० च्या वर गेलं की जास्त काळजी करतात. मला हायसं वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, "हे गणित गाठ ओव्हरीची आहे असं धरून चालतं. ती ओव्हरीची आहे का, तेच आधी बघू."

मग त्यांनी बारीकसारीक विचारलं. आधी कुठलं ऑपरेशन? घरात कुणाला क्षयरोग? पायाची कळ नेमकी कुठून कुठे जाते? ती कळ बोटाने काढून दाखवायला लावली. त्यानंतर योनीतून आणि गुदद्वारातून बोटाने तपासलं. या तपासणीला बहुतेक जणी नाही म्हणतात, मलाही नकोच वाटत होती. पण गाठ गुदाशयाच्या मागे आहे, तिने गुदाशय पुढे ढकललाय, हे तिथेच कळलं. अंडाशय असतं गुदाशयाच्या पुढच्या बाजूला. गाडी एवढ्यावरच वेगळ्या रुळावर गेली.

योनीमार्गातून सोनोग्राफी करताना त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एका हाताने पोट दाबून दुसऱ्या हाताने प्रोब हलवला, तसं बारीक काळ्या ठिपक्यांचं एक अंडाकृती काहीतरी सरकलं. मागची मोठी गाठ जागची हलली नाही. "ही सरकतेय ती तुमची डावी ओव्हरी. चांगली आहे."

मग अशा जागी काय काय सापडू शकतं, ते त्यांनी सांगितलं. गर्भाशयाला देठाने लोंबणारा फायब्रॉइड, पाणी भरून फुगलेली गर्भनलिका, जुन्या ऑपरेशननंतर पोटाच्या आवरणात अडकलेलं पाणी, चिकट द्रवाने फुगलेलं अपेंडिक्स, आतड्याच्या भिंतीची गाठ. कधीकधी चक्क वर सरकायची राहून गेलेली, ओटीपोटातच बसलेली किडनी! (तिच्यात कुणी गाठ समजून सुई घातली तर, हा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही.) ओटीपोटाचा क्षयरोग तर गाठ, पोटात पाणी, वाढलेलं सीए-१२५ असं सगळं कॅन्सरचं सोंग आणू शकतो.

एमआरआयने बरंचसं कोडं सोडवलं. गाठ गुदाशयाच्या मागे, त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या पुढे होती. त्या हाडात नसा बाहेर पडायला छिद्रं असतात. डावीकडचं एक छिद्र रुंद झालेलं, आणि गाठीचं शेपूट थेट त्यात शिरलेलं. दोन्ही अंडाशयं ठणठणीत.

मग बायोप्सी. ती आधीच का केली नाही, हे नवऱ्याने विचारलंच. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीला सुई टोचली आणि ती कॅन्सरची निघाली, तर पेशी पोटात सांडू शकतात, म्हणून तिथे शक्यतो गाठ अख्खीच काढतात. आणि त्रिकास्थीच्या पुढच्या गाठीत मणक्याच्या आवरणाचा फुगा नाही ना, हे एमआरआयवर बघितल्याशिवाय सुई घालायची नसते, नाहीतर मेंदूज्वराची भीती. गुदाशयातून टोचलं तर जंतू आत जातात, म्हणून सीटी स्कॅनवर बघत पाठीमागून टोचायचं ठरलं. मी पालथी, जागा बधिर केलेली. तरी सुई गाठीत शिरली तेव्हा कुल्ल्यापासून टाचेपर्यंत करंट गेला, मी ओरडलेच. कळ त्याच नेहमीच्या वाटेने गेली होती. डॉक्टर म्हणाले, "नसेचीच दिसतेय."

पॅथॉलॉजीत लांबट पेशी, एस-१०० ही नसेच्या आवरणाच्या पेशी ओळखायला मदत करणारी तपासणी पॉझिटिव्ह, कॅन्सर नाही. निदान: श्वानोमा. नसेवरच्या आवरणाच्या पेशींची, बहुधा साधी, सावकाश वाढणारी गाठ. अंडाशयासाठी दुर्बीण घातली असती, तर अंडाशय नॉर्मल बघून सर्जन थबकले असते, आणि गाठीला हात घालायचा तर मागे त्रिकास्थीवरच्या शिरांचं जाळं, जे एकदा वाहू लागलं की आवरत नाही.

एवढ्यातून एक व्यवहाराची गोष्ट सांगते. रिपोर्टसोबत फिल्म्स आणि सीडीही मागून घ्या आणि विचारा, "दोन्ही अंडाशयं गाठीपासून वेगळी दिसली का?" नाही म्हणाले, तर ती वेगळी दिसेल अशी तपासणी मागा.

आता ऑपरेशन न्यूरोसर्जन आणि आतड्यांचे सर्जन मिळून करणार आहेत. कुठली नस वाचेल, कुठली नाही, हे त्यांनी चित्र काढून समजावलंय. मॅडमनी पाळीचे दिवस नसताना सीए-१२५ पुन्हा करायला सांगितलं होतं. केलं. २१ आलं.