आंबोलीच्या रानातल्या आमरी ओळखताना

सह्याद्रीतील आमरी, म्हणजेच ऑर्किड, नावानिशी ओळखण्याचा अभ्यास मी आंबोलीच्या जंगलात मे महिन्याच्या अखेरीस सुरू केला. त्या सुमारास वळीव होऊन गेलेला असतो, पायवाटा अजून चालण्याजोग्या असतात आणि झाडांवरच्या आमरी फुलू लागतात. सोबत आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सुरुवातीलाच शिस्त घालून दिली, ती अशी की फुलाकडे पाहण्याआधी वनस्पती कशावर वाढली आहे, ते वहीत लिहायचे. जमिनीवर असेल तर पालापाचोळ्यात की गवतात, झाडावर असेल तर कोणत्या झाडावर, किती उंचीवर आणि खोडावर की बारीक फांदीवर, एवढे लिहून झाल्याशिवाय ते भिंग हाती देत नसत.

या शिस्तीचा उपयोग मला लवकरच कळला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची असते, त्या भेगांत ओल आणि कुजका पाला साठून राहतो, म्हणून ऐनावर आमरी हटकून सापडतात. नाणा या झाडाची साल मात्र गुळगुळीत असून तिचे पापुद्रे सुटत राहतात, त्यामुळे त्याच्या खोडावर त्यांना सहसा पाय रोवता येत नाहीत. गावोगावी या वनस्पतींना सरसकट बांडगूळ समजून तोडून टाकले जाते, याचे मला फार वाईट वाटते. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत घुसवून अन्नरस ओढते. आमरी झाडाचा केवळ आधार घेते आणि तिच्या लोंबत्या मुळांवरचे पांढरट, स्पंजासारखे आवरण पावसाचे आणि धुक्याचे पाणी टिपून घेते. ते मूळ भिजले की हिरवे दिसू लागते, ही खूण फूल नसतानाही उपयोगी पडते.

नावांचा पहिला गुंता ‘सीतेची वेणी’ या सुंदर नावाने उभा केला. काही ठिकाणी हे नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसाला दिले जाते, काही ठिकाणी एरिडिस मॅक्युलोसाला, आणि पहिलीलाच ‘द्रौपदीची वेणी’ असेही म्हणतात. दोन्ही झाडांवर वाढतात, दोन्हींची पाने जाड आणि दोन ओळींत मांडलेली असतात, आणि दोन्हींच्या फुलांत पांढरा, गुलाबी व जांभळा हे रंग येतात. त्यामुळे रंगावरून निवाडा होत नाही, तो ओष्ठावरून करावा लागतो. आमरीच्या फुलात बाहेरची तीन निदले आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. त्या तीनपैकी एक पाकळी निराळ्या आकाराची असते, तिला ओष्ठ म्हणतात, आणि अनेक जातींत त्याच्या बुडाशी शुंडिका नावाची पोकळ पिशवी किंवा नळी असते. ऱ्हिंकोस्टायलिसची पिशवी मागच्या दिशेला वळलेली असते, तर एरिडिसची शुंडिका ओष्ठाखालून पुढे वळते. शिवाय ऱ्हिंकोस्टायलिसचा फुलोरा गच्च भरलेला, खाली लोंबणारा असतो आणि एरिडिस मॅक्युलोसाची फुले त्या मानाने विरळ असतात. एरिडिस क्रिस्पा हीसुद्धा याच परिसरातली, परंतु तिचे खोड लांब व जांभळट असते, पाने एकमेकांपासून दूर असतात आणि ओष्ठाची कडा झालरीसारखी कातरलेली असते. हा फरक एकदा समोरासमोर पाहिला की तिन्ही जाती दुर्बिणीतूनही वेगळ्या काढता येतात.

जमिनीवरच्या आमरी पाऊस स्थिरावल्यावर वर येतात आणि तेथे अधिक बारकाईने पाहावे लागते. हाबेनारिया आणि पेरिस्टायलस या दोन प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, दुरून सारख्या वाटतात. पेरिस्टायलसची शुंडिका बहुधा आखूड असते आणि कुक्षीचे, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या अवयवाचे, दोन भाग ओष्ठाच्या बुडाशी चिकटलेले असतात, तर हाबेनारियात ते दोन भाग देठावर पुढे आलेले दिसतात. हे पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि भरपूर धीर लागतो, कारण धुक्यात भिंगाची काच सारखी पुसावी लागते. हाबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची लांबलचक शुंडिका मात्र विनाभिंग ओळखू येते. वाघचौरा म्हणून ओळखली जाणारी हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस दाट सावलीत शोधण्यात अर्थ नाही. जमिनीला चिकटलेली तिची जाड पाने उघड्या गवतात दिसतात. याउलट क्रेपिडियम व्हर्सिकलर सावलीतल्या ओल्या पाल्यात उगवते. बहुतेक आमरींच्या फुलांना उमलताना पीळ पडतो आणि ओष्ठ खाली येतो, या जातीत तो वरच्या बाजूला राहतो. जुन्या ग्रंथांत ही जात मॅलॅक्सिस व्हर्सिकलर या नावाने सापडते, म्हणून वहीत मी आता प्रत्येक जातीचे जुने नावही लिहून ठेवते.

नर्व्हिलियाने मला सर्वाधिक शिकवले. तिचे फूल आधी येते आणि ते सुकल्यानंतर एकच पान वर येते, त्यामुळे फूल आणि पान एका वेळी पाहायला मिळत नाही. नर्व्हिलिया कॉनकलरच्या दांड्यावर अनेक हिरवट फुले असतात, तर नर्व्हिलिया क्रॉसिफॉर्मिसच्या दांड्यावर एकच असते. म्हणून जूनमध्ये फुलांच्या जागा खुणेने नोंदवून ठेवायच्या आणि नंतर त्याच जागी पान तपासायचे, हीच खात्रीची वाट आहे.

डेंड्रोबियमच्या बाबतीतही ऋतूच कामी आला. डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम यांचे पाने गळालेले आभासी कंद, म्हणजे कंदासारखी फुगीर खोडे, एकाच फांदीवर शेजारी शेजारी असले, तरी नुसते पाहून नाव सांगू नये असे माझे ठाम मत आहे. ओव्हॅटमची लहान, पिवळसर-हिरवट फुले पावसाळा सरल्यावर येतात आणि बार्बाट्युलमची मोठी, पांढरी फुले हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढे.

मी फुले तोडत नाही. राखीव वनातून वनस्पती नेण्यास परवानगी लागते आणि सर्व रानटी आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींविषयीच्या साइट्स करारानुसार नियंत्रित आहे, परंतु कायदा नसता तरी मी तोडली नसती. गळून पडलेले फूल मिळाले तर तेच भिंगाखाली उलगडते. शंका उरली की पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी छायाचित्रे ताडून पाहते. वाळलेल्या फुलाचा रंग उडालेला असतो, तरीही ओष्ठ आणि शुंडिका यांचा आकार कळतो. तेथेच मी स्मिथसोनिया नीट समजून घेतली. सेसिल सालडान्हा यांनी १९७४ साली स्मिथसोनियन संस्थेच्या नावावरून मांडलेली ही इवल्याशा आमरींची प्रजाती पश्चिम घाटाची आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओलसर सावलीतल्या बारीक फांद्या मी तिच्यासाठीच चाळल्या.

सध्या एका जांभळीच्या फांदीवरचा ओबेरोनिया माझ्या वहीत जातीच्या नावाविना आहे. त्याची चपटी पाने पंख्यासारखी रचलेली असल्याने प्रजाती नक्की आहे, परंतु जात ठरवण्यासाठी दोन-एक मिलिमीटरच्या फुलातील ओष्ठाची कडा पाहावी लागेल, आणि तो फुलोरा पाऊस ओसरल्यावरच येणार आहे.