साडेपाचातला अर्धा

सांगलीत पतसंस्थेत अकरा वर्षं मी कॅशियर होते. संध्याकाळी पेटीतली रोकड आणि वहीतला आकडा जुळला नाही, अगदी आठ आण्यांचा फरक असला तरी, तो सापडल्याशिवाय घरी जायचं नाही, ही तिथली सवय. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे लास वेगासला आलो आणि काही वर्षांनी मी एका कॅसिनोच्या स्पोर्ट्सबुकमध्ये तिकीट रायटर म्हणून लागले. काउंटरमागे उभं राहून लोकांच्या पैजा घ्यायच्या, तिकीट छापून द्यायचं, जिंकलेल्यांचे पैसे मोजून द्यायचे. फोनवर आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मटक्यासारखं का गं?" तिला जे सांगितलं असतं आणि सांगता आलं नाही, ते मला स्वतःला १४ जानेवारी २०१८च्या रविवारी नीट कळलं.

आधी या पैजांमधला स्प्रेड काय असतो ते सांगते. गल्लीत क्रिकेट खेळताना समोरची टीम लहान पोरांची असली तर आपण त्यांना दहा-पंधरा धावा आधीच देऊन टाकतो, म्हणजे सामना रंगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये बुक, म्हणजे पैजा घेणारं स्पोर्ट्सबुक, हेच करतं. मिनेसोटा व्हायकिंग्ज वरचढ वाटतात ना, मग त्यांच्या गुणांतून साडेपाच वजा करा आणि मग बघा कोण पुढे. आता दोन्ही बाजूंना भाव जवळपास सारखा: ११० डॉलर लावा, जिंकलात तर १०० मिळतील. वरचे दहा हे बुकाचं पोट. म्हणजे २१ पैजांपैकी ११ बरोबर आल्या तरी हातात शून्य उरतं. टक्क्यांत सांगायचं तर ५२.३८. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येऊनही कमाई काहीच नाही, हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा मी पेन खाली ठेवून बसले होते.

त्या काळी एकेका सामन्यावर अशी कायदेशीर पैज देशात आमच्या नेवाडा राज्यातच घेता यायची. सुप्रीम कोर्टाने ही बंदी घालणारा जुना कायदा मोडीत काढला तो त्याच वर्षी मे महिन्यात. त्यामुळे प्लेऑफच्या रविवारी आमचा हॉल भरून वाहत असे. कॅलिफोर्नियातून गाड्या भरून लोक यायचे.

सकाळी पिट्सबर्गचा सामना होता. फेव्हरिट असून ते जॅक्सनव्हिलकडून ४५-४२ असे हरले, आणि ज्यांनी दोन सामन्यांची तिकिटं जोडून घेतली होती त्यांतल्या कितीतरी जणांचा दिवस दुपारीच संपला. मग मिनियापोलिसचा सामना सुरू झाला, न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध व्हायकिंग्ज.

आमच्याकडे आठवड्याच्या सुरुवातीला मिनेसोटा उणे चार असा आकडा होता. पैसा मिनेसोटावर येत राहिला, तसा तो पाच झाला आणि शनिवारी रात्री साडेपाच. हे सरकवताना बुक फार बिचकत नाही. टचडाउनचे सहा, त्यावर किकचा एक, फील्ड गोलचे तीन, अशी गुणांची रचना असल्यामुळे सामने तीन किंवा सातच्या फरकाने सगळ्यात जास्त संपतात. सातात एक सामना तर नेमका तीनवर संपतो. म्हणून तीनवरून साडेतीनवर जाताना सुपरवायझर दहादा विचार करतो. पाच हा त्या मानाने ओसाड आकडा. तिथे सामना क्वचितच येऊन थांबतो.

माझ्या खिडकीवर नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ होते, सत्तरीचे. खिशात स्पायरलची छोटी वही. सकाळी त्यांनी न्यू ऑर्लिन्स अधिक साडेपाच घेतलं, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या गुणांत साडेपाच मिळवायचे. त्यांना न्यू ऑर्लिन्स जिंकेल असं मुळीच वाटत नव्हतं. "मिनेसोटा तीन-चारने जिंकेल," ते म्हणाले, "मी टीम विकत घेत नाही, मी आकडा विकत घेतो." त्यांच्या मागेच जांभळ्या जर्सीतला विशी-बाविशीचा मुलगा होता. त्याने मिनेसोटा उणे साडेपाच घेतलं, २२० डॉलरचं. मी नेहमीप्रमाणे आकडा मोठ्याने वाचून दाखवला, "उणे साडेपाच, बरोबर ना?" तो "हो हो" म्हणाला. त्याचं लक्ष पडद्याकडे होतं.

मध्यंतराला मिनेसोटा १७-०. मुलगा वळून मला अंगठा दाखवून गेला. मग न्यू ऑर्लिन्सने सगळं भरून काढलं आणि शेवटच्या दीड मिनिटात आघाडी इकडून तिकडे फिरत राहिली: २३-२१ मिनेसोटा, मग पंचवीस सेकंद उरलेले असताना २४-२३ न्यू ऑर्लिन्स. दहा सेकंद राहिले. मिनेसोटाच्या केस कीनमने उंच पास टाकला, त्याच्याच टीमच्या स्टेफॉन डिग्जने तो उडी मारून पकडला, अडवायला आलेला न्यू ऑर्लिन्सचा खेळाडू चुकला आणि डिग्ज मोकळ्या मैदानातून धावत सुटला. ६१ यार्डांचं टचडाउन, घड्याळ शून्यावर. २९-२४.

असा आवाज मी त्या हॉलमध्ये पुन्हा ऐकला नाही. ओळख ना पाळख, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. जांभळ्या जर्सीवाला खुर्चीवर चढून रडत होता. पण वहीवाले गृहस्थ बसूनच होते, आणि आम्ही काउंटरमागचे सगळे पडद्याकडे बघत होतो. २९ वजा २४, पाच. अजून एक्स्ट्रा पॉइंटची, म्हणजे टचडाउननंतरच्या त्या एका गुणाची, किक बाकी होती.

सामना जिंकून झाला होता, त्या किकला खेळाच्या दृष्टीने काही अर्थ उरला नव्हता, पण तेव्हाच्या नियमाने तो प्रयत्न खेळावाच लागे. किक गेली की फरक सहा, मिनेसोटाची सगळी तिकिटं वर. नाही गेली तर पाच. शंभरातल्या नव्वदहून जास्त किका जातात. न्यू ऑर्लिन्सचे खेळाडू आत निघून गेले होते, त्यांना परत बोलवावं लागलं. सगळ्यात आधी आला त्यांचा पंटर (लाथेने चेंडू लांब मारणारा खेळाडू) थॉमस मॉर्स्टेड, तोही बरगडी दुखावलेली असताना. (मिनेसोटाच्या चाहत्यांना हे इतकं भिडलं की त्यांनी त्याच्या धर्मादाय संस्थेला दोन लाख डॉलरच्या वर देणग्या पाठवल्या. त्याने तो पैसा मिनेसोटातल्याच मुलांच्या हॉस्पिटलला नेऊन दिला. हे मी आईला आवर्जून सांगितलं.)

शेवटी दोन्ही टीम मैदानात समोरासमोर उभ्या राहिल्या, चेंडू कीनमच्या हातात आला आणि त्याने गुडघा टेकला, म्हणजे प्रयत्न तिथेच सोडून दिला. किक नाहीच. पाच.

माझ्या शेजारी एक जुने सहकारी होते. ते एवढंच म्हणाले, "एकोणऐंशी." जानेवारी १९७९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, पिट्सबर्ग उणे साडेतीनवरून साडेचारवर सरकलं होतं आणि सामना ३५-३१ असा नेमका चारवर संपला. लवकर पिट्सबर्ग घेणारेही जिंकले आणि उशिरा डॅलस घेणारेही. बुकांनी दोन्हीकडून पैसे मोजले. वेगासमध्ये त्याला अजून काळा रविवार म्हणतात. आमच्या पडद्यावर तेच होतं: सोमवारचं मिनेसोटा उणे चार जिंकलेलं, मधल्या दिवसांतलं उणे पाच बरोबरीचं म्हणून मुद्दल परत, आणि रविवारचं उणे साडेपाच गेलेलं. टीम एक, सामना एक, तिकिटं तीन तऱ्हेची.

जांभळ्या जर्सीवाला हसत माझ्या खिडकीवर आला, डोळे अजून ओले. तिकीट मशीनखाली धरलं. मला आधीच माहीत होतं, तरी धरलं. "हे लागलं नाही रे," मी म्हटलं. त्याला वाटलं मशीन बिघडलंय. "आम्ही जिंकलो ना!" मी तिकीट त्याच्यासमोर सपाट ठेवलं आणि साडेपाचवर बोट ठेवलं. मग कागदावर मांडून दाखवलं, २९ खाली २४, खाली पाच. त्याच्या मागच्या रांगेत कोणी कुरकुर केली नाही. तो अर्ध्याकडे बघत राहिला. पतसंस्थेत आठ आण्यांसाठी थांबलेल्या संध्याकाळी मला आठवल्या, पण तिथे ते आठ आणे सापडायचे. "सकाळी तुम्ही वाचून दाखवलं होतं," तो हळूच म्हणाला, तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि गेला. घरी जाऊनही माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

वहीवाले गृहस्थ गर्दी ओसरल्यावर आले. मी त्यांचे पैसे मोजले. त्यांनी ते न बघता खिशात टाकले आणि विचारलं, "पैजा बंद होताना आकडा किती होता?"

"साडेपाच."

"म्हणजे मी घेतला तोच," ते म्हणाले. वही उघडून त्यांनी तारीख लिहिली, ५.५ लिहिलं, त्यापुढे पुन्हा ५.५, आणि शेवटच्या, फरकाच्या रकान्यात शून्य. डिग्जचं, गुडघ्याचं, आत्ताच मिळालेल्या पैशांचं त्या ओळीत काहीच नव्हतं. मग त्यांनी पुढच्या रविवारचे आकडे लागलेत का ते विचारलं.