पैसे देऊन आणलेला केना

गेटपासून पायरीपर्यंतच्या पट्टीत काहीच धड उगवायचं नाही म्हणून पावसाळ्यात साताऱ्यातल्याच एका नर्सरीतून जांभळ्या पानांची चार रोपं आणली, नर्सरीवाला त्याला सेटक्रेशिया म्हणतो, नेटवर पर्पल हार्ट. दोन महिन्यांत पट्टी भरली, फोटो काढून सगळ्यांना पाठवून झाले.

मग गावाकडनं आत्या आली. चपला काढायच्या आधीच वाकली, एक फांदी धरून पेर चाचपलं आणि म्हणाली, "अगं हा तर केना हाय की! पैसं देऊन तण आणलंस व्हय?"

मला राग आला, पण मोबाईलवर बघितलं तर बाई बरोबर. ह्याचं माहेर मेक्सिको, पण घराणं केन्याचंच! फुलं तीच तीन पाकळ्यांची, फक्त गुलाबी, सकाळी उमलून दुपारी मिटणारी. आणि कासला आपण तिकीट काढून जी आभाळी बघायला जातो ना, तीही ह्यांच्यातलीच.

आत्याचं अर्धं आयुष्य भुईमुगात केना भांगलण्यात गेलंय. उपटून बांधावर टाकला तरी एक सर आली की पेरातनं मुळं सोडून परत उभा. "वरनं काढशील गं, खाली मातीत पण बी असतंय त्याचं," म्हणाली. तेही खरं निघालं, केन्याला जमिनीखाली मिटलेलीच फुलं येतात आणि तिथंच बी धरतं. ही गोष्ट मी वाचून शिकले, ती खुरप्यानं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं आले तर पट्टीचा पपईखालचा कोपरा साफ. झालं असं, की ह्या झाडाला जांभळा रंग चढतो तो उन्हानं, सावलीत ते हिरवट पडतं, आणि आत्यानं दुपारी बसल्या बसल्या हिरवं दिसेल ते सगळं खुरपून काढलं, तेही कंपोस्टमध्ये नाही, डांबरी रस्त्यावर, उन्हात वाळायला. मी काही बोलले नाही. ती एसटीत बसली तसं रस्त्यावरचं गोळा केलं (हातमोजे न घालता, ह्याच्या चिकानं मनगटापर्यंत खाज सुटली) आणि गेटजवळ कडक उन्हात नुसतं खोचून दिलं. पंधरा दिवसांत शेंड्याला वांग्यासारखी पानं!

आत्याला फोन करून सांगितलं.

"जगलं व्हय? मग केनाच त्यो."