घड्याळ कुठून सुरू करायचं?

नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या कामाचं कोऑर्डिनेशन मी बघते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलशी आमचा लहान मुलांच्या कॅन्सरसाठी करार आहे, दर सोमवारी संध्याकाळी साडेसातला ऑनलाइन केस डिस्कशन असतं, उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की नऊ.

करार व्हायला आठ महिने लागले. नुसती केसवर चर्चा वेगळी आणि रिसर्च वेगळा हे दोन्हीकडच्या वकिलांना पटवण्यातच बराच वेळ गेला. चर्चेत ते मत देतात पण पेशंट आमच्या डॉक्टरांचा, सही आमची, कारण इथलं रजिस्ट्रेशन नसताना त्यांना औषध लिहून देता येत नाही. रिसर्च म्हटलं की एथिक्स कमिटी आली, आयसीएमआर म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी आली, आणि पेशंटच्या रक्ताबिक्ताचे नमुने देशाबाहेर पाठवायचे तर आणखी कागद. शेवटी नमुन्यांचा भाग आम्ही काढूनच टाकला आणि मला आजही ते बरोबर वाटतं.

तर सप्टेंबरमधला तो सोमवार. केस होती सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाची, ब्लड कॅन्सर, केमो चालू, न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली, म्हणजे फारच कमी, आणि ताप. अशा मुलाला ताप आला की ती इमर्जन्सीच, हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून 60 मिनिटांत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे हे टार्गेट त्यांच्याकडेही आहे आणि आम्हीही घेतलंय. आम्ही 48 मिनिटांत दिला होता. स्क्रीनवर तो आकडा दिसला, तिकडच्या डॉक्टरांनी मनापासून कौतुक केलं. आणि मुलगा आयसीयूत होता, बीपी सांभाळायला औषधं चालू.

मागे बसलेल्या आमच्या वॉर्डच्या सिस्टर उभ्या राहिल्या. त्या मूळच्या पेठकडच्या, मुलाच्या आईशी कोकणा बोलीत बोलू शकणाऱ्या आमच्यातल्या त्या एकट्याच. त्या मराठीत म्हणाल्या, "सर, ताप रात्री दोनला आला. पाऊस होता, गाडी नव्हती. पहाटे बापानं खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत आणला, मग एसटी, मग सीबीएस स्टँडवरून रिक्षा. आपलं घड्याळ गेटवर सुरू होतं, पोराचं दोनला सुरू झालं होतं. हे 48 नाही सर, नऊ तास आहेत."

हे इंग्रजीत मला सांगायचं होतं. सांगताना माझा आवाज भरून आला, तरी पूर्ण सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

तिकडच्या सिनियर डॉक्टर थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी औषधाबद्दल काहीच विचारलं नाही, सिस्टरांनाच विचारलं की त्या घराच्या जवळात जवळ सलाइन लावू शकेल असं कोण आहे? सिस्टर म्हणाल्या, ग्रामीण रुग्णालय, तिथे रात्री नर्स असते, पण केमोचं मूल म्हटलं की ती घाबरते, लगेच नाशिकला पाठवते, तिचीही चूक नाही, तिला कुणी सांगितलेलंच नाही.

त्या दिवशीचं डिस्कशन तासाचं होतं, ते पावणेदोन तास चाललं. ठरलं ते असं: पहिला डोस ग्रामीण रुग्णालयातच द्यायचा, मग ॲम्ब्युलन्स. कुठलं अँटिबायोटिक यावर पुढचे दोन आठवडे गेले, कारण जे ग्रामीण रुग्णालयात खरोखर मिळतं तेच लिहायचं होतं. प्रत्येक मुलाच्या आईकडे पिवळं कार्ड, त्यावर वजन, डोस आणि आमच्या वॉर्डचा नंबर. त्या नर्सना शिकवायला सुरगाण्याला सिस्टरच गेल्या, अमेरिकेतून दोघी फक्त ऑनलाइन ऐकत होत्या.

तो मुलगा अकराव्या दिवशी वॉर्डातून घरी गेला. आमच्या फॉर्मवर आता 'दारात आल्याची वेळ' याच्या आधी 'ताप आल्याची वेळ' असा रकाना आहे, आणि तोच फॉर्म तिकडच्या हॉस्पिटलनेही मागून घेतलाय, लांबच्या गावातून येणारी मुलं त्यांच्याकडेही आहेत म्हणून.