सत्तावीस पैसे कुणाचे?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं. सोबत पत्र होतं: 'आपल्या जडणघडणीतील शाळेचा वाटा' या विषयावर स्मरणिकेसाठी लिहा. ते वाचल्यापासून डोळ्यांसमोर एकच व्यक्ती उभी आहे. बाई. आमच्या वेळी शाळेत सात-आठ शिक्षिका होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या कुठल्याच बॅचला सांगावं लागणार नाही. इतिहासाचे सर, ड्रॉइंगचे सर, घंटा देणारे शिपाईमामा, सगळ्यांचे उपकार आहेत. त्यांच्याबद्दल इतर मित्र लिहितीलच. मी बाईंबद्दल लिहितो.

बाई गणित शिकवायच्या आणि संचयिका चालवायच्या. आजच्या विद्यार्थ्यांना संचयिका म्हणजे काय हे सांगायला हवं. ती शाळेतली मुलांची बँक. दर शनिवारी सकाळी जिन्याखालच्या खोलीची जाळीची खिडकी उघडायची. पाच पैसे, दहा पैसे, कुणाचे चार आणे, जे असेल ते भरायचं. पैसे घेणारा मुलगा, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही लिहिणारा मुलगा, पासबुकावर नोंद करणाराही मुलगाच. बाई फक्त मागे स्टुलावर बसायच्या. सोमवारी जमलेली रक्कम पोस्टात जायची.

आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्या घरांत माग, निम्म्या घरांत विडी. माझे वडील मागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, कानडी, हिंदी असं सगळंच, आणि मराठी शाळेत. संचयिकेत येणारं प्रत्येक नाणं कुणाच्या तरी आईनं छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या, वजा जाऊन हातात आलेल्या मजुरीतून बाजूला काढलेलं असायचं. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

१९७६ चा पावसाळा. मी नववीत होतो आणि रोजकीर्द माझ्याकडे होती. खिडकीवरचा मित्र भरणा चिठ्ठी बघून आकडा पुकारायचा. मी तो आधी पासबुकावर लिहायचो, मग रोजकीर्दीत. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर गल्ला मोजला तर रोजकीर्दीपेक्षा २७ पैसे जास्त. पुन्हा मोजला. २७ पैसे जास्तच. आम्हाला हायसं वाटलं. कमी असते तर भरून द्यावे लागले असते. दारातून जाणारे एक सरही म्हणाले, "जास्तच आहेत ना? मग काय बिघडलं?"

बाई उठल्या. वही माझ्यापुढून आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, "जास्त आहेत म्हणजे कुणाचे तरी आहेत. कुणाचे?"

मग त्यांनी मला वहीच्या मागच्या पानावर भागाकार करायला लावला. २७ भागिले ९. तीन आले, बाकी शून्य. "फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की आधी उलटापालट शोधायची. दोन अंकांनी जागा बदलली की फरक असाच येतो. आणि भागाकार तीन आला, म्हणजे त्या दोन अंकांत तीनचा फरक. आता सगळी वही बघू नकोस. १४, २५, ३६, ४७, ५८, ६९, एवढेच आकडे बघ." त्या दिवशीच्या शंभरेक नोंदींत असे आकडे निघाले चार. चारच चिठ्ठ्या काढल्या. तिसऱ्या चिठ्ठीवर ६३ होते आणि वहीत माझ्या अक्षरात ३६.

मला रडू आलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "घरी त्रेसष्टला काय म्हणता रे?" मी म्हटलं, "अरवै मूडु." म्हणजे साठ आणि तीन. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "मराठीत तीन आधी ऐकू येतं. तू ऐकलंस तसं लिहिलंस." पुढच्या शनिवारपासून खिडकीवर नवा नियम आला: आकडा पुकारताना 'त्रेसष्ट, सहा-तीन' असं दोनदा पुकारायचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'साठ तीन' अशा वाचण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली, असं लोक म्हणत होते. मी त्या चर्चेत कळकळीनं बोललो. ज्या मुलाच्या घरी मराठी नाही, त्याच्या कानाला काय ऐकू येतं हे आपल्या शाळेतल्या एका बाईंनी १९७६ साली ओळखलं होतं आणि त्यासाठी त्यांनी 'त्रेसष्ट'ला हात लावला नव्हता, त्याच्या शेजारी फक्त 'सहा-तीन' ठेवलं होतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. वहीतला आकडा दुरुस्त झाला. खोडायचं नाही, ३६ वर आडवी रेघ, वर ६३, बाजूला माझी सही आणि त्यांची सही. दुपारच्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता, पोटात कावळे ओरडत होते. मला वाटलं, सुटलो. बाईंनी छत्री घेतली. "पासबुकावर पण तूच लिहिलंस ना? मग त्या घरात आठवडाभर चुकीचं पुस्तक राहणार. चल."

आम्ही चिखलातून त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. त्याची आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसली होती. भिजवून कापलेली पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा फास, बोटं एकसारखी चालू. शाळेच्या बाई दारात बघून ती घाबरली, मुलानं काही केलं म्हणून. बाई मला म्हणाल्या, "तू सांग. तुझ्या भाषेत सांग." माझी चूक मी तेलुगूत त्या माउलीला सांगितली. तुमचे ६३ पैसे होते, मी ३६ लिहिले, आता दुरुस्त करतो. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि ट्रंकेतून पासबुक काढून दिलं. मी रेघ ओढली, आकडा लिहिला. बाईंनी सही केली आणि पुस्तक तिला परत देताना प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. एक पन्नासचं, एक दहाचं आणि एक तीन पैशांचं षटकोनी नाणं आपण मुलाच्या हातात दिलं होतं, हे तिला मात्र बरोबर आठवत होतं.

पुढे मी पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेत शिकलो. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात संस्थेनं सोलापूर शहराची जी आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती ती तिथल्या ग्रंथालयात पहिल्यांदा हातात आली. आमच्या आईबापांचा जन्म, मजुरी, घरभाडं, कर्ज हे सगळं कोष्टकांत मांडलेलं. त्या दिवशी बाईंना पत्र लिहिलं होतं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. शेवटची ओळ होती, "बेरजा तपासून बघ."

वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवणं आणि संशोधन केलं. १ जून १९९३ ला नगरपालिका-महापालिकांना घटनेत स्थान देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, शहरांच्या पैशांचा विषय ऐरणीवर आला आणि माझी ओढ तिकडे गेली. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. केंद्राचे पैसे हवे असतील तर पालिकांनी दुहेरी नोंद पद्धतीनं, म्हणजे रोकडीसोबत देणं-येणंही दिसेल असे, हिशेब ठेवले पाहिजेत, अशी त्यात अट होती. नोकरी सोडून मी सल्लागार झालो तो याच कामासाठी.

एका नगरपालिकेतला प्रसंग सांगतो. जुन्या पद्धतीत फक्त रोकड आली-गेली दिसायची. वर्षअखेर बँकेत चांगली शिल्लक होती, सगळे खूश होते आणि तिच्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायचा ठराव तयार होता. मी ती शिल्लक उलगडत बसलो. तिच्यात ठेकेदारांच्या अनामत रकमा होत्या. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला पण न भरलेला भविष्यनिर्वाह निधी होता. घरपट्टीबरोबर गोळा केलेले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर होते. ते राज्य सरकारचे, पालिका फक्त वसूल करून देणारी. पाणी योजनेचं अनुदान होतं, ते दुसरीकडे वापरता येत नाही. एकेक बाजूला काढत गेलो तसं गावाचं स्वतःचं काही उरलंच नाही, उलट देणं निघालं. त्या सभेत मी उभा राहिलो तेव्हा तोंडून आपोआप बाईंचंच वाक्य आलं: जास्त आहेत म्हणजे कुणाचे तरी आहेत. कमान झाली नाही. निधीची थकबाकी आधी भरली गेली. सल्लागार म्हणून मी ज्या कामाचा अभिमान बाळगतो ते हेच.

२०१२ ची महापालिका निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागाची होती. गल्लीतल्या लोकांनी आग्रह केला आणि मी उभा राहिलो, निवडून आलो. पाच वर्षं जे केलं त्यातलं एकच सांगतो. प्रभागात, विडी कारखान्याच्या शाखेसमोर, जिथे बायका माल द्यायला रांगेत थांबतात तिथे, मी एक काळा फळा लावला. दर तीन महिन्यांनी त्यावर चार ओळी लिहायच्या: प्रभागासाठी किती मंजूर, किती खर्च, किती शिल्लक, शिल्लक कोणत्या कामाची. मराठीत आणि तेलुगूत. मी स्वतः उभा राहून वाचून दाखवायचो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. शहराकडे आता पैसाच पैसा, असं सगळीकडे झालं. तेव्हा फळ्यासमोर तासभर बोललो की हा पैसा वेगळ्या कंपनीच्या वहीत आहे, महापालिकेच्या नाही, त्यातून तुमच्या गल्लीची गटार होणार नाही. बायकांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

२०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग झाला आणि मी पडलो. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा स्वतःचा कर, आधीच गेली होती, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि गेला, आता राज्याकडून दर महिन्याला येणाऱ्या भरपाईवर महापालिका चालते. जकात भ्रष्ट होती, वाहनांच्या रांगा लागायच्या, ती गेल्याचं मला दुःख नाही. पण शहर स्वतः कमवायचं तेव्हा निदान लोक भांडायचे. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कितीतरी वर्षं विचारायला सभागृहच नव्हतं. माझा फळा एका पावसाळ्यात पडला, परत कुणी उभा केला नाही.

भोंगेही बंद झाले. लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा ऐकून आम्ही दप्तर आवरायचो. आज मुलांना वेळ मोबाइल सांगतो. गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा जिन्याखालच्या खोलीत झाडू आणि मोडकी बाकं होती. जाळीच्या खिडकीवर पत्रा ठोकलेला होता. संचयिका बंद होऊनही बरीच वर्षं झाली असं कळलं. बाई गेल्या तेव्हा मी परगावी होतो, अंत्यदर्शनाला पोहोचलो नाही. निवडून आलो त्या दिवशी त्यांच्या घरी गेलो होतो, एवढं एक समाधान आहे. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "आता वही कोण लिहितं तिथे?"

समितीला माझी एक विनंती आहे. जुन्या शिक्षक-खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं, खालच्या कप्प्यात संचयिकेच्या वह्या असायच्या. रंगरंगोटीत ते कपाट भंगारात गेलं नसेल तर ते उघडून बघा. दहावी व्हायच्या आत शाळा सोडून मागावर बसलेली कितीतरी मुलं पैसे काढायला परत आलीच नाहीत. त्यांच्या नावापुढे कुणाचे तीन रुपये, कुणाचे सव्वाअकरा असे आकडे असणार. वह्या मिळाल्या तर मला कळवा. मी आठ-पंधरा दिवस येऊन बसेन, नावं आणि शिलका उतरवून देईन, पोस्टात चौकशी करेन. त्यातले निम्मे लोक अजून याच गल्ल्यांत राहतात. बाकीच्यांची मुलं सापडतील.