टाचेखाली हात

तालीम संपली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच उरलो होतो. त्याने हातातला रिमोट टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, हे बोलताना मला बाबा दिसत नाहीत. स्लाइड दिसते."

नवउद्योजकांचं पिच, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे करायचं छोटं सादरीकरण, बसवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रात, सहा-आठ महिने राबलेल्या टीम डेमो डेला गुंतवणूकदारांसमोर उभ्या राहतात. प्रत्येकीला मिळतात ९० सेकंद. शांतपणे बोललं तर त्यात दीडशे-दोनशे शब्द मावतात. त्या दीडशे-दोनशे शब्दांवर आम्ही आठवडेच्या आठवडे घालवतो. एवढा अनुभव गाठीशी असूनही त्या संध्याकाळी मला त्याच्या वाक्यावर उत्तर सुचलं नाही, कारण बाबांना त्या स्लाइडवर मीच नेऊन बसवलं होतं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं बोलणं तांत्रिक शब्दांनी ठासून भरलेलं होतं. प्रेशर मॅपिंग, डेटा, प्लॅटफॉर्म. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या चादरीखाली पसरायची एक पातळ सेन्सरची शीट त्याने बनवली होती. शरीराच्या कुठल्या भागावर किती वेळ दाब साचला आहे हे ती मोजते आणि कूस बदलायची वेळ झाली की सांगते. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून. पण पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून 'बेडसोर' हा शब्द पन्नासाव्या सेकंदाला आला. मी त्याला थांबवून विचारलं, "हे तू का करतोस?" तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बाबा चौदा महिने अंथरुणावर होते. अर्धांगवायू. मीच बघायचो त्यांचं."

मी लगेच म्हटलं, "सुरुवात इथून कर."

पिच शिकवणारा कोणीही हेच सांगेल. आकड्यांआधी माणूस आणा, आपली गोष्ट सांगा. सल्ला चुकीचा नाही. पण पुढच्या तीन आठवड्यांत मी त्याचं जे केलं ते चुकीचं होतं. "माझे बाबा चौदा महिने अंथरुणाला खिळून होते" या वाक्यानंतर दोन सेकंद थांबायचं, मग पॅनलकडे बघायचं, मग आवाज थोडा खाली आणायचा. बाबांचा फोटो पहिल्या स्लाइडवर. चौदा महिन्यांतल्या दुःखाला मी थांबायच्या जागा नेमून दिल्या होत्या. वीस-पंचवीस वेळा म्हणून झाल्यावर त्यातलं सगळं पाणी आटून गेलं. त्याला ते कळलं होतं. मला कळत होतं तरी मी "अजून एकदा" म्हणत होते.

खरं तर मला हे आधीच माहीत असायला हवं होतं. २००९ साली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल'मध्ये चेन, याओ आणि कोठा या तिघांचा एक अभ्यास आला होता. मी तो माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. व्यवसाय योजना मांडणाऱ्या उद्योजकांकडे त्यांनी दोन बाजूंनी पाहिलं. एकीकडे चेहऱ्यावर, आवाजात, हातवाऱ्यांत दिसणारा उत्साह. दुसरीकडे विचारांची तयारी, म्हणजे माणसाने आपल्या विषयाचा किती कीस पाडला आहे ते. पैसे गुंतवायच्या निर्णयावर परिणाम दिसला तो तयारीचा. दिसणाऱ्या उत्साहाचा तसा परिणाम आढळला नाही. मी हा अभ्यास सांगायचे आणि त्याच तासाला मुलांना आवाजाचे चढउतारही शिकवायचे. दोन वेगळी खाती असल्यासारखी: ही तळमळ, ही तयारी.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "पिच राहू दे. तुला जे बोलायचंय ते बोल."

तो बराच वेळ बोलला. त्यातली एक गोष्ट मी याआधी कधी ऐकली नव्हती. बाबा गेल्यावर त्याने हे काम सोडून दिलं होतं. शीट, तारा, सर्किट, सगळं एका खोक्यात घालून पलंगाखाली ढकललं होतं. ज्यांच्यासाठी केलं तेच राहिले नाहीत, मग कुणासाठी करायचं? तीन महिने त्याने त्या खोक्याला हात लावला नाही.

"मग परत का काढलंस?"

"टाच," तो म्हणाला.

बाबांच्या टाचेला जखम झाली होती, पण त्याच्या सेन्सरने तिथला दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीच दाखवला होता. माकडहाडापाशी बरोबर, खुब्यापाशी बरोबर, टाचेपाशीच चूक. हे त्याला झोपू देईना. एका रात्री त्याने खोकं ओढून बाहेर काढलं, शीट जमिनीवर पसरली आणि स्वतः तिच्यावर आडवा झाला. आठवडाभर रात्री तो त्या शीटवरच झोपला. शेवटी कोडं सुटलं. टाचेचा गादीला टेकणारा भाग अगदी लहान असतो आणि त्याच्या सेन्सरचा एकेक चौकोन त्याहून मोठा होता. त्यामुळे टाचेखालचा जबर दाब आजूबाजूच्या रिकाम्या जागेत वाटला जाऊन सरासरीत विरून जायचा. त्याने पायाकडच्या भागात बारीक चौकोनांची शीट केली, आणि टाच दिसायला लागली.

हे सांगताना तो उठून उभा राहिला होता. बुटातून पाय काढून, टाच टेबलाच्या कडेला टेकवून मला दाखवत होता. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, याचं त्याला भान नव्हतं.

मला एडवर्ड डेसी यांचे १९७१ सालचे प्रयोग आठवले. त्यांनी विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मधल्या टप्प्यात कोडं सुटल्याबद्दल पैसे दिले आणि पुढच्या टप्प्यात ते बंद केले. मोकळ्या वेळात, कोणी बघत नाही असं वाटत असताना विद्यार्थी कोड्याकडे किती वळतात हे ते मोजत होते. पैसे मिळून बंद झालेल्यांचा ओढा कमी झाला होता. या मुलाला पैसे मिळत नव्हते, बक्षीस नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी सुरू केलं ते बाबाही राहिले नव्हते. तरी तो खोक्याकडे परतला. बाबांवरची माया हे सुरू करायचं कारण होतं. पण तो टिकला तो त्या चुकलेल्या टाचेमुळे. आणि मी तीन आठवडे फक्त पहिल्याच कारणाला रंग देत बसले होते.

मी त्याला एवढंच म्हटलं की उद्या काय बोलायचं ते तूच ठरव, मला दाखवूही नकोस. खरं सांगते, हे म्हणायला मला धीर लागला. डेमो डेच्या आदल्या रात्री पिच बदलायचं नाही, हा माझाच नियम आहे.

दुसऱ्या दिवशी बारा टीम होत्या, त्याचा नंबर सातवा. आधीच्या सहांमधल्या चौघांनी स्वतःची गोष्ट सांगून सुरुवात केली. चारही गोष्टी खऱ्या होत्या, मला माहीत होत्या. चारही सारख्याच लयीत आल्या. ती लय मी शिकवलेली होती. मागच्या रांगेत बसून ते ऐकणं सोपं नव्हतं.

मग तो आला. पहिल्या स्लाइडवर फोटो नव्हता. काहीच नव्हतं, पांढरा पडदा.

"झोपलेल्या माणसाच्या टाचेखाली हात घालून बघायचं असतं," तो म्हणाला. "टाच लाल दिसली तर अंगठ्याने दाबायची. लाली पांढरी पडून परत आली तर ठीक. पांढरी पडलीच नाही तर जखम सुरू झाली आहे, कातडी अजून फाटली नसली तरी. पण सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही. तिथे तळहाताने बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा ऊब जास्त आहे का, कडक लागतंय का. रात्री तीन वाजता, अंधारात. मी चौदा महिने हे केलं. दोनदा मला कळलं नाही."

बाबा हा शब्द त्याने उच्चारला नाही. सभागृहात कोणाला सांगावंही लागलं नाही.

पुढे शीट काय करते ते त्याने तीन वाक्यांत सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची रीत सगळ्यांना माहीत आहे, पण दोन तास प्रत्येक शरीराला सारखे लागू पडत नाहीत. कोणाला ते जास्त होतात, आणि गादी कुठली आहे त्यावरही अवलंबून असतं. म्हणून घड्याळाऐवजी शरीराला विचारायचं. आणि मग तो जे म्हणाला ते मी कुठल्याही तालमीत म्हणू दिलं नसतं: "याने जखमा कमी होतात असं मी आज म्हणू शकत नाही. एका वॉर्डातल्या अकरा खाटांवर आम्ही वापरतोय. दाब कुठे साचतोय ते वेळेत कळतं, एवढंच म्हणू शकतो. पुढचं सिद्ध करायला मला पैसे हवेत."

तो थांबला. सहा सेकंद शिल्लक होते, त्याने ते भरायचा प्रयत्न केला नाही.

पहिला प्रश्न बाजारपेठेचा होता, त्याचं उत्तर ठीक दिलं. दुसरा प्रश्न पॅनलमधल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंचा. त्या म्हणाल्या, "वॉर्डात आधीच इतकी यंत्रं वाजत असतात की नर्सना ते आवाज ऐकू येईनासे होतात. तुमचा अलार्म त्या पहिल्याच आठवड्यात बंद करतील."

या प्रश्नाची तयारी आम्ही केलेली नव्हती. माझे हात गार पडले. आणि त्याचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला.

"आठवडा नाही लागला," तो म्हणाला. "चौथ्याच रात्री बंद केला. स्पीकरवर कापूस ठेवून वरून चिकटपट्टी लावली होती."

तो वॉर्डात रात्रपाळीला बसायला जायचा हे मला माहीत होतं. पण हे नव्हतं माहीत. चिकटपट्टी बघून आधी त्याला राग आला होता. मग त्याने सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझं यंत्र वाजतं तेव्हा माझे दोन्ही हात दुसऱ्या रुग्णात अडकलेले असतात. वाजून उपयोग काय, आजूबाजूचे जागे होतात तेवढे. त्यानंतर तो अकरा रात्री नुसता बसून त्यांचं चालणं बघत होता. वॉर्डातून जाताना त्यांची नजर कुठे पडते? खाटेच्या पायाकडे, जिथे तक्ता लटकवलेला असतो. मग त्याने आवाज काढून टाकला आणि तिथे बोटाएवढी दिव्याची पट्टी बसवली. दाब साचत जाईल तसा तिचा रंग हळूहळू बदलतो. सिस्टर हातातलं काम संपवून त्या बाजूने निघाल्या की त्यांना दिसतं आधी कोणाकडे जायचं.

हे सांगता सांगता तो माइकपासून लांब गेला होता. पट्टी किती उंचीवर आहे ते हाताने दाखवत होता, सिस्टर कुठल्या बाजूने येतात ते चालून दाखवत होता. वेळ संपल्याची घंटा वाजली तसा तो वाक्याच्या मध्येच थांबला, ओशाळला.

"पूर्ण करा," बाई म्हणाल्या.

मी इतकी पिच ऐकली, पण मागच्या रांगेतून असं काही क्वचितच बघितलं होतं. त्याच्या आवाजात चढउतार नव्हते. एक-दोनदा शब्दही अडखळले. पण त्याच्याकडे प्रत्येक शंकेसाठी एक रात्र होती, आणि त्या रात्री तो तिथे होता. बाई जितकं खोल विचारत गेल्या तितका तो मोकळा होत गेला. पाठ केलेलं बोलणाऱ्या माणसाचं नेमकं उलटं होतं, प्रश्न सुरू झाले की तो आक्रसतो. मी दोन खाती मानत आले होते ती या मुलाकडे एकच होती. तळमळ चौदा महिन्यांच्या रात्रींत आणि बारीक चौकोनांत जाऊन मुरली होती. चेहऱ्यावर यायला तिला प्रश्नाची गरज होती, माझ्या सूचनांची नाही.

पहिला क्रमांक त्याला मिळाला नाही. निकालानंतर बाई आम्हाला बाहेर गाठून म्हणाल्या की गुंतवणुकीचं आत्ताच काही सांगता येणार नाही, पण त्यांना तो वॉर्ड बघायचा आहे. किती वाजता यावं?

"रात्री तीनला," तो म्हणाला.

त्या खरंच आल्या. मीही गेले. वॉर्डात मंद उजेड होता, आणि खाटांच्या पायाशी त्या पट्ट्या, बऱ्याचशा हिरव्या, एक पिवळी होत चाललेली. सिस्टर एका रुग्णाचं सलाइन बदलून आल्या, पिवळ्या पट्टीकडे नजर गेली, वळल्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आणि त्याने मिळून त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कुशीवर वळवलं. पाठीला उशी दिली, पूर्ण आडवं न करता थोडंसं तिरकं ठेवून, आणि पोटरीखाली दुसरी उशी, टाच अधांतरी राहावी म्हणून.

सिस्टरना विचारून त्याने मला पुढे बोलावलं. मी त्या गृहस्थांच्या टाचेखाली तळहात धरला. ऊब लागली. ती नेहमीची की वाढलेली, मला काही सांगता येईना. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्या हातापाशी आपला हात नेला, क्षणभर ठेवला आणि हळूच म्हणाला, "ठीक आहे. ही ठीक आहे."